जिथलं पाणी तिथंच

निपाणी, कार्तिक वद्य २, शके १८३५

अण्णा, आधी माझं भांडण ऐक, मग बाकीचं. सदलग्यात तू मला सांगितलंस काय आणि इथं निघालं काय! धनपाल डॉक्टर आपल्यातला आहे, माझ्या सासरकडनं पुतण्या लागतो, एकटा राहतो, स्वैपाकाला घरचं माणूस पाहिजे, ब्राह्मीलाही ठेवून घेतो, इथवर सांगितलंस. काचेच्या दोनशे बरण्या धुवायच्या हे कुणी सांगायचं? बरण्यांत लोणचं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. गटाराचं पाणी आहे! डबक्याचं, ओढ्याचं, म्हशीच्या टाकीचं. तोंडाला फडकी बांधून फळ्यांवर मांडलंय, खाली इंग्रजी चिठ्ठ्या. बेळगावला कॅम्पातली चांगली नोकरी सोडून हा माणूस घाण पाणी जमवत बसलाय. शिकून माणूस कसा वाया जातो ते बघायला ये एकदा.

बाकी घर बरं आहे. दोन खोल्या, उजेड भरपूर, परड्यात विहीर, पाणी गोड. मागची भिंत तंबाखूच्या वखारीला लागून, त्यामुळं तंबाखूची धूळ चुलीवर, अंथरुणात, केसांत. आल्यापासनं आम्ही मायलेकी शिंकतोय. वखारीतल्या बायका काम सुटलं की आमच्या विहिरीवर येतात आणि ओंजळीनं पाणी नाकात ओढून भसाभस बाहेर काढतात. त्यातली मालुबाई लई तोंडाळ. म्हणाली, आक्का, निपाणीत आधी नाक धुवायचं, तोंड उद्या धुतलं तरी चालतंय. ब्राह्मी खदाखदा हसली. चिकोडीहून नवऱ्यानं माघारी धाडल्यापासनं सात महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, धुवीन बरण्या. पोरगी अशी हसत राहिली तर तुझं-माझं भांडण मिटलं.

वही तूच दिलीस, दिवसभरात हातून गेलेले जीव रोज लिही म्हणालास. मग घे. लाकडातली वाळवी, मोजली न्हाय. मुंग्या पाच-सहा. गाडीच्या चाकाखाली बेडूक एक, पण ते पाप गाडीवाल्याचं. पाणी दुपदरी फडक्यानं गाळलं आणि फडक्यात उरलेले जीव, जिवाणी, कडीच्या तांब्यातनं, तळाला टेकला की आपसूक कलंडतो त्यातनं, त्याच विहिरीत अलगद सोडले. वरनं भदकन ओतले की मरतात. जिथलं पाणी तिथंच. परक्या गावात आले म्हणून नेम सोडलेला न्हाय.

वद्य ५

धनपालनं आज मला त्याच्या पितळी नळकांड्यातनं बघायला लावलं. त्याला मायक्रोस्कोप म्हणतात. आधी म्हणाला, काकी, तुमचं फडकं म्हणजे गावची वेस, त्यातनं ह्यांची वाजतगाजत वरात जाईल. मला राग आला. मग डोळा लावला. थेंबभर पाण्यात निपाणीचा आठवडी बाजार भरलेला, अण्णा. नुसती धावपळ.

फळ्या चार आहेत आणि चौघांची जात तो चालीवरनं ठरवतो. पहिल्या फळीवरचे अंगातनंच पाय काढतात, काम झालं की पाय परत अंगात. त्यांना तोंड न्हाय. खायचं असलं की चारी बाजूंनी मिठी मारायची आणि अख्खं पोटात घ्यायचं. अमीबा त्यातला. दुसऱ्या फळीवरच्यांना चाबकासारखं शेपूट, ते हापटत पळतात. तिसऱ्या फळीवरच्यांच्या अंगभर केस. त्यातला एक हुबेहूब वहाणेसारखा, ब्राह्मी म्हणाली, दुसऱ्या पायातली कुठाय? चौथ्या फळीवरचे चालतच न्हाईत, दुसऱ्याच्या रक्तात बसून फुकट खातात, हिवतापाचा त्यातलाच. म्हटलं, ह्या फळीवरचे माझ्या सासरी लई होते.

मी त्याला ऐकवलं की आपल्या जैनांत ही वाटणी कधीच झाली आहे. चाल नव्हे, इंद्रियं मोजायची. नुसता स्पर्श कळतो तो एकेंद्रिय. अळीला जीभ, म्हणून दोन. मुंगीला नाक, तीन. माशीला डोळे, चार. कान असला की पाच, आणि माणसाला वर मन. इंद्रियं जास्त तसं मारण्याचं पाप मोठं. धनपाल हसून म्हणाला, चालीवरनं ठरवलेलं खरं. मी म्हटलं, व्हय रं बाबा, चालीवरनं तर सुनेची जात सासूपण ठरवते, आणि दर वेळी चुकते. ब्राह्मी मान खाली घालून हसली. आपल्या दुःखावर हसली, बरं का. जखम सुकायला लागली म्हणायची.

मुंग्या तीन. एक माशी दुधात.

वद्य ९

धनपालचं डोकं फिरलंय. आपल्याच विहिरीच्या गाळातनं त्यानं एक जीव धरलाय आणि त्याची जात ठरंना. सकाळी पाय काढून सरपटतो, म्हणून बरणी पहिल्या फळीवर. ऊन पाण्यात ठेवला की दुपारी त्यालाच शेपूट फुटतं आणि सुसाट पळतो, म्हणून दुसऱ्या फळीवर. संध्याकाळी पाणी थंड झालं की परत पाय. दिवसातनं चारदा बरणी इकडची तिकडं. मी म्हटलं, मधी ठेव आणि जेव. तर माझ्यावरच ओरडला.

आता त्या बरणीत काळजाचं पाणी घालतो, खाटकाकडनं आणून. जैनाच्या घरात! मी त्या बरणीला हात लावणार न्हाय म्हणून स्पष्ट सांगितलं. चुलीशेजारी उबेला ठेवलीय. परवा पाणी स्वच्छ होतं, आज तांदळाच्या पेजेसारखं दाट झालंय.

आणखी एक. पिंजऱ्यात सहा उंदीर आणलेत. काचेच्या नळीनं एकेकाच्या नाकात त्या बरणीतला थेंब सोडला. दुसऱ्याच्या अंगात राहतो का ते बघायचं, राहिला तर चौथी फळी. मी ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं आणि आत आले. एवढा राग मी नवऱ्यावरपण धरला नव्हता.

वद्य १२

उंदरांचं सांगते. सकाळी चीं चीं ऐकून ब्राह्मी बघायला गेली आणि किंचाळत आली. सहाही एकमेकांना मिठी मारून बसलेले. मिठी म्हणजे अशी की मधल्या दोघांच्या बरगड्या कातडं फाडून बाहेर आल्यात, डोळे लोंबतायत, आणि तरी कुणी कुणाला सोडत न्हाय. चावत न्हाईत, ओरबाडत न्हाईत, नुसते आवळतात. धनपालनं चिमट्यानं एकाला ओढलं तर त्याचा पाय हातात आला. ज्याचा पाय तुटला तो गप, बाकीचे पाच ओरडले.

त्यानं पिंजराच जाळला. मला म्हणाला, काकी, ती बरणी उकळत्या पाण्यानं मारा, वर आणखी एक घागर उकळतं ओता, मग खड्ड्यात पुरा. मला आता बेळगावला पत्र लिहायचंय.

अण्णा, मी बरणी घेऊन चुलीपुढं उभी राहिले. आधण खळखळत होतं. हात उचलंना. डोळ्यांनी बघितलेत रं ते. एका थेंबात बाजार, तर बरणीत किती गावं? उंदीर धनपालच्या हातानं मेले, त्यात ह्या एकेंद्रियांचा काय गुन्हा? उंदरांच्या नाकात त्यानंच सोडले, काळीज त्यानंच पाजलं. घर तर त्यांचं विहीर.

मग नेम केला तसाच केला. फडक्यातनं निसटतात हे आता माहीत, म्हणून गाळलं न्हाय. अख्खी बरणी कडीच्या तांब्यात घेतली, दोरी सैल सोडत गेले, तळाला तांब्या कलंडल्याचं हाताला कळलं. जिथलं पाणी तिथंच. रिकामी बरणी पुरली.

आजच्या पानावर हातून गेलेला जीव एकही न्हाय. पहिल्यांदाच.

वद्य १४

चतुर्दशीचा उपास. पाणी गाळून उकळून एकदाच घेतलं.

रवळूचं डोकं दुखतंय. हा खानापूरकडचा गडी, धनपालच्या घरी पाणी ओढतो आणि उरलेला दिवस वखारीत तंबाखू चाळतो, बायकांसारखंच विहिरीवर नाक धुतो. म्हणाला, आक्का, सगळ्याला कुजका वास येतोय. तासाभरानं म्हणाला, आता कसलाच येत न्हाय. मी म्हटलं, निपाणीत एवढं सुख मिळालं तर देवाला नारळ फोड. मान मात्र ताठ झालीय, वळवायची तर अख्खं अंग वळवतो.

धनपाल त्याला तपासून आत आला आणि दार लावून मला विचारलं, बरणी उकळत्या पाण्यानं मारलीत ना, काकी?

मी म्हटलं, मारली.

खोटं बोलले. उपासाच्या दिवशी. इथं खरं लिहिते, तू काय तो दंड सांग.

मार्गशीर्ष शुद्ध १

मालुबाई गेली.

काम सुटल्यावर बायका विहिरीवर नाक धूत होत्या. रवळू आला आणि मागनं मालुबाईला मिठी मारली. आधी सगळ्या हसल्या, मालुबाईपण. मेल्या, बायको गावाला गेली म्हणून काय, असं काहीतरी बोलली. मग बायकांनी त्याच्या पाठीत वहाणा घातल्या. मग तिच्या तोंडातनं आवाज यायचा थांबला. मी दारातनं बघत होते. वाळलं लाकूड मोडावं तसं मोडत होतं, एकदा न्हाय, चार-पाचदा, आणि तिच्या तोंडानाकातनं रक्त आलं, विहिरीच्या धोंड्यावर सांडलं. पुरुष धावले. चौघांनी त्याचे हात ओढले. हात सुटले न्हाईत, अण्णा, खांद्यातनं निखळले, तरी बोटं आवळतच होती. शेवटी एकानं पहार घातली डोक्यात. रवळू खाली बसला. मेला न्हाय. डोकं फुटलेलं, आणि श्वास चाललेला, सावकाश, झोपल्यासारखा.

त्याला वखारीत कोंडलाय.

ब्राह्मी रात्रभर माझ्या कुशीत होती. तिला घेऊन सदलग्याला यायचं ठरवलं. उद्या गाडी बघते.

शुद्ध २

गाडी न्हाय. गल्लीच्या दोन्ही तोंडांना गावानं बाभळीच्या काट्या टाकल्यात. पिलेग आला म्हणतात. कुणी आत न्हाय, कुणी बाहेर न्हाय. परशराम टपालवाला काट्यांपलीकडं उभा राहतो, पत्र काठीला बांधून दिलं तर नेतो, आलेलं काठीनं देतो. एवढीच वाट.

वखारीत आता तसेच सात जण कोंडलेत. पाच बायका, एक दिवाणजी, एक रवळू. सगळे विहिरीवरचे.

मी धनपालला सांगितलं. विहिरीत सोडले म्हणून. त्यानं माझ्या कानाखाली मारली. पुतण्यानं काकीला. मग विहिरीवर फळ्या ठोकून आला आणि वही-पेन्सिल घेऊन वखारीत गेला, आतनं कडी लावली. मी भिंतीच्या फटीतनं बघत होते.

सातही जण धान्याच्या राशीसारखे एकमेकांना लागून बसलेले. श्वास एकच. सगळ्यांची छाती एकदम वर, एकदम खाली. तू सांगायचास ते निगोद आठवलं — अनंत जीव, अंग एक, श्वास एक. धनपालनं एकीला काठी टोचली. बाकीचे सहा कण्हले. तो भराभरा लिहायला लागला. तोंडानं पुटपुटत होता, पहिली न्हाय, दुसरी न्हाय, चौथी न्हाय, नवी फळी, पाचवी फळी. खूश होता, अण्णा! मी ओरडले, मागं फिर, मागं फिर मुडद्या —

त्यांना पळावं लागलंच न्हाय. सगळे एकदम पुढं झुकले आणि त्याच्याभोवती मिटले. तो ओरडला न्हाय. छातीतली हवा निघाली तेवढाच आवाज. एक हात वर राहिला होता, वही धरलेला. मग तोपण आत गेला. रक्त जमिनीवरनं फटीपर्यंत आलं. माझ्या पायापर्यंत.

शुद्ध ३

दाराला पाटा-वरवंटा, कणगी, सगळं लावलं.

पाणी उकळून पितो. मी पहिल्यापासनं उकळलेल्या पाण्यानंच न्हाते, म्हणून असेल. मला काही न्हाय.

ब्राह्मी म्हणते डोकं दुखतंय.

मी विचारलं, विहिरीवर नाक धुतलंस? परत विचारलं. म्हणाली, मालुबाईनं शिकवलं गं, सगळ्याजणी धूत होत्या, बरं वाटायचं.

मी तिच्या मुस्काटात मारली. मग धरून बसले. तिची मान वळत न्हाय.

सोडलं कुणी विहिरीत? मी.

शुद्ध ३, दुपार

वखारीचं दार मोडलं त्यांनी. काट्यांजवळ उभे होते त्या दोघांना घेतलं. गावातनं धोंडे मारले, बंदूक आणली कुणीतरी. एकाच्या पोटाला लागली. पोट उघडं, आतडी लोंबतायत, तरी चालतोय — बाकीचे कण्हतायत. मोजता येत न्हाईत. दहा? की एक?

आता आमच्या दारासमोर बसलेत. दार वाजवत न्हाईत. बसलेत नुसते.

शुद्ध ४

हिंग तिच्या नाकाशी धरला. विचारलं, कसला वास? म्हणाली, आई, हे काय आहे?

लुगड्याच्या दोन पट्ट्यांनी तिचे हात बांधले. रडली न्हाय. मीच —

तिचा श्वास आणि माझा श्वास वेगळा पडतोय. मी मुद्दाम तिच्याबरोबर घ्यायला बघते. जमत न्हाय. तिचा सावकाश.

बाहेरच्यांचा श्वास दारातनं ऐकू येतो. तिचा त्यांच्याबरोबर —

त्यांच्याबरोबर पडतो.

शुद्ध ५, सकाळ

अण्णा, ही वही परशरामाच्या काठीला बांधणार. बाजूच्या खिडकीतनं काठी पोचते, हे बघून ठेवलंय. त्याला म्हटलंय, सदलग्याला कलगोंडा मास्तर, जैन बस्तीच्या पाठशाळेत, हातात द्यायची.

एकच विचारते. तुझी भाची आता कितव्या इंद्रियाची?

चिमटा काढला तर हात आखडते. स्पर्श आहे. गूळ जिभेवर ठेवला — थुंकला न्हाय, गिळला न्हाय. नाक तर कालच गेलं. दिवा डोळ्यांपुढं नेला, बाहुली हलली न्हाय. कानाशी हाक मारली, तुझी, तिच्या बापाची, माझी. तू शिकवलंस तसंच मोजलं. दोनदा मोजलं. एकच निघालं.

एकच असेल तर राकेलचा डबा आहे. काडीपेटी आहे. धनपाल सांगायचा, अमीबाचे तुकडे केले तर ज्यात गाभा आहे तो तुकडा जगतो. पण एकाला लागलं की सगळ्यांना लागतं, हे मी बघितलंय. इथं पेटवलं तर बाहेरचेपण — गाव वाचेल. एकेंद्रियाचं पाप आहे, तेवढं मी फेडीन. जन्मभर मुंग्या मोजल्या, हेपण मोजीन.

पण घटकेपूर्वी ती माझ्याकडं पाठ करून बसली. केस मागं टाकून. लहानपणी वेणीला बसायची तशी. मी वेणी घातली. हलली न्हाय. शेवटचा पेड घालेस्तोवर हलली न्हाय.

ते पाठ करून बसणं कितव्या इंद्रियाचं, अण्णा? मन असलं तर ही माणूस. मन असलं तर मी पोटच्या पोरीला जाळणार. तुझं शास्त्र काय म्हणतं? एका अंगात एक जीव की अनंत? तिचा त्यात आहे की गेला?

उपाध्यांना विचार. पोथ्या काढ. मला दृष्टांत सांगू नको, कर्माचं सांगू नको, ते मला पाठ आहे. चिठ्ठीवर एक की पाच एवढंच लिही. एक म्हणजे काडी ओढते. पाच म्हणजे दार उघडून आम्ही दोघी बाहेर जातो, जे व्हायचं ते दोघींचं.

अष्टमीला दिवस उगवायच्या आत उत्तर परशरामाच्या हातात पाहिजे. अष्टमीपर्यंत थांबते. त्यापुढं पट्ट्या टिकणार न्हाईत, मी पण —

एक पट्टी सुटली.

दुसरी दातानं —

उठली. हात पसरलेत. आई म्हणते. अण्णा, आई म्हणते! बाहेरचे सगळे — एकदम — आई —

एक की पाच, अण्णा, अष्टमीला, दिवस उगवाय—